उरलेली अर्धी फी

इश्पेमिंग, मिशिगन
४ एप्रिल

ती. आयला मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन सोडून ही मुलगी कागद का काळे करतेय असं वाटेल. माझा फोन ग्लेनच्या नावावर आहे आणि मी कुणाशी किती मिनिटं बोलले ते त्याला दर महिन्याला दिसतं. उत्तरही घरी पाठवू नकोस. शाळा सुटल्यावर मी लायब्ररीत काम करते, तिथल्या मिसेस डुफ्रेन यांच्या नावे पाठव.

बातमी चांगली आहे. दोन्ही कॉलेजांनी मला घेतलं. आयोवाचं कॉलेज मार्कांवर सगळं देतंय; फी, खोली, जेवण, पुस्तकंसुद्धा. इथलं, घरापासून वीस मिनिटांवरचं, निम्मी फी माफ करतंय. एक मेपर्यंत एकाला हो म्हणायचं.

यात विचार करण्यासारखं काही नाही, असं तू म्हणशील. पण परवा जेवताना ग्लेनने सांगितलं, उरलेली अर्धी फी मी भरतो, फक्त राहायचं घरी. आई लगेच म्हणाली, बघ, सावत्र बाप असून किती मोठं मन. मी आभार मानले. मग पान अर्धं टाकून उठले, का ते मला धड सांगता येत नाही. त्याने आजवर कुणावर हात उगारलेला नाही. फक्त आईच्या गाडीची किल्ली डिसेंबरपासून त्याच्या खिशात असते. रस्ते निसरडे आहेत, म्हणतो. रस्ते कधीचे कोरडे झालेत.

मालबोटीवरचे लोक तुझ्या हातच्या खिमा-बटाट्याच्या पास्टी खातात, की अजून पक्ष्यांना घालतात?

तुझी आठवण काढणारी,
काइसा

डेट्रॉइट नदी, बोटीवरून
११ एप्रिल

चि. काइसास,

अ. उ. आ. तुझं पत्र काल टपालाच्या होडीवरून दोरीच्या बादलीतून वर आलं, इंजिनिअरच्या गुडघ्याच्या मलमासोबत. आणि माझ्या पास्टी कॅप्टन स्वतः दोन-दोन मागून नेतो, बाईसाहेब.

त्याने हात उगारलेला नाही हे वाक्य वाचलं आणि माझा रस्सा करपला. वीस माणसं तोच गिळतायत, कुणाची बोलायची छाती नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी नाताळात मी ग्लेनला विचारलं, माझी बहीण हल्ली दुकानात कामाला का जात नाही. तो हसला. आठवड्याने तुझ्या आईचं पत्र आलं, की यापुढे काही दिवस येऊ नकोस. अक्षर तिचंच, पण खाली सही ‘एलिना’. लहानपणापासून तिने मला ‘एलू’ सोडून दुसरी सही केलेली नाही. मी तेव्हाच निघून यायला हवं होतं. त्याऐवजी रागावून बसले. बोटीवर आठ-नऊ महिने रुसून बसायला जागा भरपूर असते.

त्याचे पैसे घेऊ नकोस. आयोवाचं पत्र घरात असेल तर आजच्या आज लायब्ररीत नेऊन ठेव. आईला काही सांगण्याआधी मला लिही.

जपून राहा गं पोरी.
तुझी मावशी, आयला

इश्पेमिंग
१६ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. सोमवारी मी घरी आले तेव्हा ग्लेन जिन्यावर बसला होता, हातात आयोवाचा लिफाफा. तो चिडलेला नव्हता. अगदी हळू आवाजात म्हणाला, “या घरात तुला कुणी त्रास देतंय का, काइसा? नाव सांग.”

मी म्हणाले, कुणी नाही. मग हे पत्र कशाला हवं, असं म्हणून त्याने ते वाफेच्या न्हाणीघरातल्या, सौनाच्या शेगडीत घातलं. आई पातेलं ढवळत होती. मी जवळ गेले तर पातेलं रिकामं. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि आयोवातले लोक मका सोडून काय खातात यावर विनोद केले. आम्ही दोघी हसलो.

रविवारी त्याने मागच्या खोलीला नवं दार बसवलं होतं. मला अभ्यासाला शांतता हवी म्हणून. कडी बाहेरून आहे. चुकून लागली, बदलतो म्हणाला. अजून बदललेली नाही.

मी इथलंच कॉलेज घेतेय. मला समजावू नकोस. मी गेले तर त्या खोलीत कोण असेल हे मला कळतं.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
काइसा

क्लीव्हलँड धक्का
२१ एप्रिल

प्रिय एलू,

गुरुवारी तू काइसाला घ्यायला चालत लायब्ररीत जातेस, तेव्हा मिसेस डुफ्रेन हे तुझ्या हातात देतील. तिथेच वाच, तिथेच ठेव.

मला का नाही सांगितलंस असं मी विचारणार नाही. तू मला येऊ नकोस लिहिलंस आणि मी ऐकलं, माझाही दोष तेवढाच.

काइसा आयोवाला नाही म्हणतेय. फीमुळे नाही, तुझ्यामुळे. चार वर्षं ती त्याच्याकडून अर्धी फी घेईल आणि त्याच्या नजरेसमोर राहील, तू एकटी पडू नयेस म्हणून. आणि तू तिथे राहतेस ती बहुधा तिच्या शिक्षणासाठी. दोघी एकमेकींसाठी त्याच घरात अडकून बसल्यात.

सोबत माझ्या डुलुथच्या घराची किल्ली आहे. मी जानेवारीपर्यंत पाण्यावर. बंदरावरून मी डुलुथमधल्या बायकांच्या मदत केंद्राला फोन केला. त्या म्हणाल्या, तो कामावर असताना निघायचं, कागदपत्रं घ्यायची, चिठ्ठी ठेवायची नाही. निघायचा दिवस सगळ्यात धोक्याचा, हेही म्हणाल्या. तुझ्यापासून लपवत नाही. मलाही भीती वाटतेय, एलू.

तुझीच,
आयला

डुलुथ, तुझ्या घरातून
३ मे

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आम्ही पोचलो.

तुझं पत्र आईने उभ्याने वाचलं, घडी केली, मिसेस डुफ्रेनना परत दिलं. किल्ली तेवढी पाकिटात ठेवली. घरी जाताना हवेबद्दल बोलली. मला वाटलं, संपलं.

मंगळवारी पहाटे ग्लेन खाणीवर गेला आणि आई माझ्या खोलीच्या दारात आली. अंगात कोट, पायात बूट. म्हणाली, “आयोवाला हो म्हण. मी पण निघतेय.”

मिसेस डुफ्रेननी, आईने आधीच ठरवल्याप्रमाणे, आपल्या गाडीने आणलं. आधी लायब्ररी उघडून मला कॉम्प्युटरवर बसवलं. जळलेल्या कागदाने काही बिघडलं नव्हतं, माझं नाव त्यांच्याकडे होतं. एक बटण दाबलं, एवढंच. आई दाराशी रस्त्यावर नजर ठेवून उभी होती. पुढचे पाच तास ती आरशातून मागच्या गाड्या बघत होती.

शाळेने उरलेल्या परीक्षा इथून द्यायची सोय केलीय. केंद्रातल्या बाईंबरोबर आई उद्या कोर्टात जाणार, त्याने जवळ येऊ नये असा हुकूम मागायला. ती अजून बूट घालूनच झोपते. काल दुकानाबाहेर ग्लेनच्या ट्रकसारखा लाल ट्रक दिसला तर आम्ही दूध तिथेच टाकून मागच्या दाराने निघालो. त्यात एक म्हातारे गृहस्थ होते, कुत्र्याबरोबर.

मी ऑगस्टमध्ये गेल्यावर आई इथे एकटी असेल. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा, आधी बटाटे सोल.

काल संध्याकाळी तुझा भिंतीवरचा फोन वाजला. आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या राहिलो. अकरा वेळा वाजला. थांबल्यावर आई म्हणाली, नंबर चुकला असेल, आणि हातातल्या बटाट्याला सुरी लावली. तो बटाटा आधीच सोललेला होता.

मावशी, तू फोन केला होतास का? केला असशील तर लगेच कळव. नसशील, तरी कळव.

वाट बघतेय. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी काइसा, आणि खाली आई स्वतः सही करतेय:
एलू