न तपासलेली धार

९ मे, शनिवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. भाऊजींचा गुडघा कसा आहे? दुकान बरं चाललंय. फिरती खुर्ची आणली. ब्लेड एकदा वापरायचं नि फेकायचं, त्यामुळे गिऱ्हाईकही खूश.

बाबांचं विचारलंस. जेवतात, झोपतात. दाढी मात्र पार छातीवर आलीय. मी हात लावायला गेलो की म्हणतात, "राहू दे रे." आठवतं ना, गालाला साबण लागला की त्यांची टकळी सुरू व्हायची? आधी माणूस शिंपल्याने दाढी करायचा, मग तांब्याचा वस्तरा आला, मग पोलादाचा... गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही म्हणून बिचारं ऐकून घेतं, असं तू चिडवायचीस. आता ती टकळीही बंद.

बाबांचा हात पहिल्यासारखा राहिला नाही, दाढी करताना गुरुजींचा गाल कापला, असं मी तुला कळवलं होतं. ताई, ते अर्धंच होतं.

वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढून, धार लावून मीच द्यायचो. दुसऱ्या कुणी लावलेली धार बाबा अंगठ्यावर तपासल्याशिवाय घेत नसत. माझी कधीच तपासली नाही. मला ब्लेड आणायचं होतं आणि त्यांचं एकच, "मी आहे तोवर नाही." त्या दिवशी माझं डोकं फिरलं. गुपचूप पातं बाटलीच्या काचेवर दोनदा घासलं आणि दिलं. वाटलं, अडखळतील, वैतागतील, ब्लेडला हो म्हणतील. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि मग ते सटकतं, एवढंही मला सुचू नये?

रक्त आलं तेव्हा बाबांनी वस्तऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताकडे बघितलं. म्हणाले, "संपलं रे आपलं."

मी गप्प बसलो. तीन वर्षं गप्प आहे. लाज वाटते गं.

काल ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. हात जराही थरथरत नव्हता. त्यांचा त्या हातावरचा भरवसाच उडालाय, आणि तो मी उडवला.

दहा दिवस मी माझी स्वतःची दाढी केलेली नाही. सोमवारी दुकान बंद असतं. बाबांना तिथे नेईन, त्यांच्या जुन्या वस्तऱ्याला मनापासून धार लावीन, हातात देईन आणि म्हणेन, आधी तपासा. मग सगळं सांगेन आणि मान मागे टाकून खुर्चीत बसेन. पुढे त्यांची मर्जी.

तोवर फोनवर त्यांना काही बोलू नकोस. मलाच सांगू दे.

ज्याची धार बाबांनी कधी तपासली नाही,
तो तुझा धाकटा