कंसातलं मनात वाच

मांडवी, रत्नागिरी
शिमग्याला पंधरा दिवस कमी

ती. सोनूआत्येस,

मांडवीहून तुझ्या भाच्याचा, रितेशचा, कंबरेत वाकून नमस्कार. (कंबर आता खरोखर वाकते. कशी ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस की गोठ्यातल्या म्हशीला लावून संपवलंस? परसातल्या कलमाला यंदा मोहोर बरा आहे असं ऐकलं. आम्ही दोघं इथे खुशाल आहोत.

(दीपाली, अंगणवाडी सुटल्यावर तूच हे पत्र आत्येला वाचून दाखवणार, आणि पडवीत हौसाकाकूसकट अर्धी वाडी ऐकायला बसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक ठरवू. कंसात जे असेल ते तू मनात वाचायचंस, जरा खोकायचंस आणि पुढे जायचंस. खोकला जास्त झाला तर पाणी पी.)

या काळात पत्र कशाला, असं म्हणशील. तर कारण फोनच. गेल्या मंगळवारी तू शमिकाची चौकशी केलीस आणि मी म्हटलं, तिसरा महिना चालू आहे. पुढे 'तयारीचा' असा एक शब्द होता, तो रेंजने गिळला. रविवारी सकाळी दारात रावजीकाका उभा. खांद्यावर पिशवी, पिशवीत आमसुलं, चिंचेचा गोळा, डिंकाचे लाडू आणि तुझ्या जुन्या लुगड्याची इवलीशी गोधडी. दार शमिकाने उघडलं. तिने काकाच्या पाया पडून चहा टाकला, गोधडी दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी धरली आणि कपाटात ठेवून दिली. मी मात्र काकाला क्रिकेटचा स्कोअर विचारत बसलो. दुपारच्या गाडीने काका खुशीत परत गेला. तेव्हा आत्ये, आधी स्पष्ट लिहितो. अजून कुणाला दिवस गेलेले नाहीत. चालू आहे तो दिवस जाण्याच्या तयारीचा तिसरा महिना.

तयारी कसली, असं तू विचारणार. भात पेरायच्या कितीतरी आधी तू पालापाचोळा जाळून भाजावळ करतेस ना, तसंच हे. लग्नाला पाच वर्षं झाली, म्हणून दिवाळीनंतर आम्ही इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं होतं, त्या औषध लिहून देतील आणि आपण येताना बाजारातून मासळी घेऊन येऊ. बाईंनी अर्धा तास नुसत्या चौकशा केल्या. झोपता किती वाजता, चहा किती, भाजी कुठली, चालता का, घरात कटकटी किती. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा शमिकाच्या वडलांनीसुद्धा मला इतकं विचारलं नव्हतं.

(दीपाली, मग त्यांनी मला विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, नाही. गुटखा? छे. विडी-सिगरेट? कधीच नाही. शमिका माझ्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "मिश्री?" मी म्हटलं, "ती लावतो हो, दात घासायला." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिश्री कशाची करतात?" मी सांगितलं, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटायची. एवढं सगळं मी माझ्याच तोंडाने सांगितलं. बारा वर्षांचा असताना दाढ दुखली तेव्हा आत्येने आपल्या डब्यातली चिमूट लावली होती, तेव्हापासून दिवसातून चारदा दात घासतोय. तंबाखू खाणाऱ्यांना मी आजवर नावं ठेवत आलो.)

तर दोघांनीही सवयी बदलायच्या असं ठरलं. रात्री दहाला दिवे बंद. मोबाईल तांदळाच्या डब्यात. जेवणात नाचणी, पालेभाजी, कडधान्य, आणि चहा दोनच कप. शमिकाला रोज फॉलिक अॅसिडची गोळी, आणि ती आत्तापासून, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची जुळवाजुळव दिवस गेल्याचं कळायच्या आधीच सुरू झालेली असते म्हणे. मला कढत पाण्याची आंघोळ बंद. तू मला लहानपणी जसं पाणी काढून द्यायचीस, ज्यात अंडं उकडलं असतं, तसलं पाणी मी आजवर घेत होतो. आता कोमट. का ते विचारू नकोस.

(उष्णतेने बीज मरतं, दीपाली. मांडीवर लॅपटॉप घ्यायलाही मनाई आहे. तू अंगणवाडीत बायकांना सगळं समजावतेस, एकदा पुरुषांनाही बोलाव. मी पहिल्या ओळीत बसेन.)

पहाटे मांडवीच्या जेटीपर्यंत चालणं हाही कार्यक्रम आहे. पहिल्या दिवशी मला इतक्या लवकर रस्त्यावर बघून मासळीवाल्या मावशीने विचारलं, "कोण गेलं वो?" कुणी गेलं नाही, कुणीतरी यायचंय, असं सांगावंसं वाटलं, पण दमच उरला नव्हता. परत येऊन सूर्यनमस्कार. तिसऱ्या नमस्कारात मी खालीच अडकलो आणि शमिकाने मला कुशीवर लोळवून सोडवलं. त्या दिवशी ऑफिसात वाकूनच सही केली. साहेबांना वाटलं, मी फार नम्र झालोय.

हसू नकोस आत्ये, कारण खरं सांगायचं तर मी थक्क झालोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरुषाच्या अंगात आज जे बीज धरायला लागतं ते तयार व्हायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणजे आजची झोप, आजची भाकरी, आजची चिडचिड तीन महिन्यांनी कुणाच्या तरी वाट्याला जाणार. चौतीस वर्षं मी या अंगात राहतोय आणि आत असलं काही चाललंय याचा मला पत्ता नव्हता. हल्ली दहा वाजता दिवा मालवताना वाटतं, या घरात तिसऱ्या कुणाच्या तरी सोयीने सगळं चाललंय, आणि तो तिसरा तर अजून कुठेच नाही. नसलेल्या माणसाचा एवढा धाक मी आजवर कधी बघितला नव्हता.

आणि शमिका. ती गोळी तळहातावर घेते आणि तीर्थ घ्यावं तशी घेते. एक दिवस चुकलेली नाही. शाळेत शिकवून थकून आली तरी चालायला निघते. मी भांडलो तर ती भांडण उद्यावर टाकते आणि उद्या विसरते. (मिश्री सोडल्यावर पहिला महिना मी फार भांडलो. पंधराव्या दिवशी आत्येने भरून दिलेला मिश्रीचा डबा माळ्यावरून काढून मी तो गोळ्यांच्या खोक्यामागे लपवला. तिला दिसला. सकाळी डबा बेसिनवर माझ्या ब्रशशेजारी ठेवलेला होता आणि त्यावर चिठ्ठी होती, "जे यायचंय त्याला विचारा, मग लावा." मी डबा नळाखाली धरला.)

रिपोर्टचं विचारशील. रिपोर्ट आले. उपाय होण्यासारखे आहेत, काळजीचं कारण नाही.

(शमिकाचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, दीपाली. कमी आहे ते माझ्यात. बीज थोडं आणि जे आहे ते सुस्त. सुस्त हा शब्द डॉक्टरीणबाईंचा, ऑफिसातही माझ्याबद्दल तोच वापरतात. हे आम्हाला दिवाळीनंतरच कळलं. आणि त्याआधीच्या शिमग्यात आपल्या अंगणात काय झालं ते तू बघितलंस. पालखी आली, रावजीकाकाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकीच्या कुशीत काय वाकडं असंल तां दूर कर," आणि सगळी वाडी म्हणाली, "व्हय महाराजा." मीही म्हणालो. शमिका उंबऱ्यात मान खाली घालून उभी होती. नंतर आत्येने तिला सोळा सोमवार सांगितले, आणि मार्गशीर्षात हौसाकाकूच्या सुनेची ओटी भरताना तिला मागे बसवलं. तेव्हा रिपोर्ट तिच्या पर्समध्ये होता. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. घरी येताना मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "आत्यांनी तुम्हाला वाढवलंय. मिश्रीने बीज बिघडतं आणि मिश्री त्यांनीच लावली, हे त्यांना कळलं तर त्यांची झोप जाईल." दीपाली, मी देवळात गेलो तरी आता माझे हात आधी हिच्याकडे वळतात.)

बाकी विशेष काही नाही. वाडीतल्या थोरांच्या पाया पडतो, धाकट्यांच्या पाठीत माझ्या नावाने एकेक धपाटा दे.

तुझाच,
रितेश

ता. क. आमसुलं संपली. मीच खाल्ली. चिंचेचा गोळाही निम्मा झालाय. कसलीशी तलफ आली की आंबट तोंडात टाकतो. तेव्हा तू पाठवलेले डोहाळे वाया गेले नाहीत, पुरवले गेले ते माझे.

ता. क. २. गोधडी परत पाठवणार होतो. शमिका म्हणाली, राहू दे, ती काही जागा मागत नाही.

ता. क. ३. दीपाली, आता पाणी पी आणि परत वर जा. कंसातलं सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाच. हौसाकाकू उठून चालली असेल तर तिला बसव. आत्ये, तू रडायचं नाहीस. दाढ खरंच दुखत होती आणि तुझ्याकडे तेवढंच औषध होतं. हे मी तुला फोनवर सांगू शकलो असतो, पण फोन तू एकटी ऐकतेस. मला ते तुझ्या पडवीत सगळ्यांच्या देखत सांगायचं होतं, आणि सुरुवातीपासून सरळ लिहायचं धाडस झालं नाही.

ता. क. ४. पत्र खरं यासाठीच लिहिलं. यंदा पालखी दारी येईल तेव्हा गाऱ्हाणं माझ्या नावाने घालायचं. रावजीकाकाला आयत्या वेळी सुचणार नाही, म्हणून लिहून देतो. "बा देवा महाराजा, ह्या रितेशाची मिश्री सुटलीय ती सुटलेलीच ऱ्हवूंदे, त्याच्यात काय उणं असंल तां भरून काड, आनी गेल्या साली आमी जां चुकीच्या मानसाच्या नावानं बोललो तां पदरात घे." वाडीने 'व्हय महाराजा' नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणायचं. मी अंगणात मान खाली घालून उभा राहीन. शमिका उंबऱ्यातच असेल, आणि या वेळी तिला समोर बघता येईल.