बाबांचे मारेकरी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक आहे, हे आधी वाच. पुढचं बसून वाच.

आमच्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालंय. दोन भाडोत्री मारेकरी: एक मी, दुसरा दातांच्या दवाखान्यातला माझा मित्र लंबू. खराखुरा माहितीपट असल्यासारखा कॅमेरा आमच्यामागे फिरतो आणि आम्ही ऐटीत मुलाखती देतो. गोष्ट एवढीच, की एका म्हाताऱ्याला संपवायचंय आणि ते काही केल्या जमत नाही. रक्त बिटाचं, पिस्तुलं खेळण्यातली, दिग्दर्शक आपला लग्नाची शूटिंगं करणारा व्हिडिओवाला.

म्हाताऱ्याचं काम करणारे गृहस्थ आमचं सामान बघूनच पळाले. आम्ही अंगणात डोक्याला हात लावून बसलो होतो, तर बाबा खिडकीतून म्हणाले, त्यात काय एवढं, मला मारा. ऑपरेशन झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसणारा, हूं की चूं न करणारा माणूस हे म्हणाला, ताई! माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

लोभ आहे, तो हे पत्र वाचूनही राहू दे.

तुझा,
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

अक्कल गहाण टाकलीस का रे? हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष झालं नाही आणि पोटचा पोरगा बापावर पिस्तूल रोखतोय! आमच्या वॉर्डात दोन नर्स कमी आहेत, नाहीतर पुढच्या गाडीने येऊन तुझा कान पिरगळला असता.

काल फोन केला, तर बाबांनी सांगितलं की आत्ता मला गच्चीवरून ढकलतायत, मग बोलू, आणि ठेवलासुद्धा. मला आधी हसू फुटलं, मग स्वतःचाच राग आला. किती महिन्यांनी त्यांचा असा आवाज ऐकला! म्हणून बंद करा म्हणत नाही. पण गच्ची बंद. जेवण वेळेवर. गोळ्याही वेळच्या वेळी. औषधाच्या म्हणतेय मी.

त्या लंबूलाही चार शब्द सुनाव. तुला वेगळे आशीर्वाद द्यायला नकोत, रागातच आलेत.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत, घरी आहेत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

शुक्रवारी विषप्रयोगाचा प्रसंग होता. बाबा कप तोंडाला लावून खुर्चीतून खाली घसरले. आम्ही वाहवा केली. पण ते उठेनात. व्हिडिओवाल्याच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात नेलं; मी आणि लंबू बिटाने माखलेले, कमरेला पिस्तुलं. रखवालदाराने आम्हाला भिंतीशी उभं केलं. नर्सबाई माझ्याच छातीतली जखम शोधू लागल्या. मी ओरडत होतो, मला सोडा, ते माझे बाबा आहेत. रखवालदार पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून बाबांचा आवाज आला, की साहेब, यांना सोडा. हे दोघं दोन आठवडे माझ्यामागे लागलेत, यांच्याने काही होत नाही.

मी तिथल्या फरशीवर बसून रडलो.

हृदय ठणठणीत आहे. चांगला अभिनय उपाशीपोटी होतो, अशी समजूत करून घेऊन त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं! शूटिंग मी बंद केलंय. ते माझ्याशी बोलत नाहीत. समजूत तूच काढ.

तुझा,
ढब्बू

२२ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

समजूत माझी नको, तुझ्या भावाची काढ. डॉक्टरांनी मला परवानगी दिलीय, हा देत नाही.

तुला म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर मी दिवसभर छातीचे ठोके ऐकत बसायचो. पुढचा पडतो की नाही, एवढाच उद्योग. या पोरांनी मला गोळी घातली, गच्चीवरून लोटलं, विष पाजलं. आणि दर वेळी मी उठून अंग झटकलं. आता ठोके ऐकायला फुरसत होत नाही. हॉस्पिटलात भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण ढब्बू फरशीवर बसून रडताना पाहिला, तेव्हा माझ्याहून त्याचीच काळजी जास्त वाटली.

काल सकाळी एकटाच न्हाव्याकडे गेलो. कुणाला सांगायचं राहिलं. ऑपरेशनपासून वाढलेली दाढी उतरवून, चार माणसांशी गप्पा मारून परततो, तर दोघं मारेकरी हाका मारत गल्लीभर मला शोधत होते. मी समोरून गेलो, तरी गुळगुळीत गालांमुळे त्यांनी ओळखलं नाही. तसाच घरी येऊन चहा टाकला, तिघांचा.

सवडीने ये. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझे,
बाबा