ओट्यावरचं बर्लिन

२३ जानेवारी १९९१, बुधवार. रियाध.

आज माझ्या घराची वाटणी झाली. मी तेव्हा चहा करत होते!

सात कप चहा. हे पाणी उकळेपर्यंत बाहेर हॉलमध्ये तीन पुरुष माझ्या घराच्या नकाशावर ओणवे. नकाशा यतीनने काढला. माझ्या नवऱ्याच्या, गिरीशच्या, बँकेच्या दम्माम शाखेत आहे तो, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. दम्मामकडे क्षेपणास्त्रं यायला लागली म्हणून तो आणि त्याची बायको वीणा सुरक्षित जागी, म्हणजे आमच्याकडे आले. ते आले त्याच रात्री रियाधवर पडलं! घर सोडताना वीणाने दागिने घेतले, आणि याने काय घ्यावं? मंडळाच्या इतिवृत्ताची वही.

तिसरे गफूरभाई. दाभोळचे, गिरीशचे शाळेपासूनचे दोस्त. हफ्र अल बातिनला त्यांचं किराणा दुकान आहे आणि हफ्र सीमेच्या तोंडाशी. म्हणून ते आईला घेऊन इथे आले. आई म्हणजे बदरुन्निसाचाची. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला आल्या, चार दिवस लेकाकडे राहू म्हणाल्या आणि युद्धात अडकल्या.

तर ठराव क्रमांक एक: आमची बेडरूम यतीन-वीणाला. मुलीच्या, निवेदिताच्या खोलीत ती आणि मी. हॉलमध्ये पडदा लावून अलीकडे गिरीश-गफूरभाई, पलीकडे चाची. खिडकी नसलेली स्टोअररूम सर्वांना खुली, भोंगा वाजला की सगळ्यांनी तिथे. सूचक गिरीश, अनुमोदक गफूरभाई. सर्वानुमते मंजूर. सर्व म्हणजे तिघे!

मी ट्रे घेऊन बाहेर आले तर यतीन म्हणतो, "वहिनी, बरं झालं आलात. साखर कमी ना?"

२५ जानेवारी

शाळा बंद. निवेदिताची दहावीची परीक्षा मात्र बंद नाही. शाळेत मी इतिहास शिकवते, तोच आता जेवणाच्या टेबलावर शिकवते. आज बर्लिन परिषद. साल १८८४, चौदा देश, भिंतीवर आफ्रिकेचा हा एवढा नकाशा. नदी कोणाची, किनारा कोणाचा, सगळं गोडीगुलाबीने. बंदूक नाही, आरडाओरडा नाही, नुसती पत्रं, मेजवान्या आणि सह्या. आणि ज्यांचा मुलूख त्यांच्यातला एकही माणूस बोलावलेला नाही!

निवेदिता म्हणाली, "बट मम्मी, व्हाय डिडन्ट दे जस्ट गो इन?"

म्हटलं, "चहा करत असतील."

गिरीशने पेपर जरा वर धरला. ऐकायचं नसलं की तो असाच वाचतो.

२७ जानेवारी

बर्लिनमध्ये आणखी एक नियम झाला होता. नुसता हक्क सांगून चालणार नाही, तिथे प्रत्यक्ष ठाण मांडलं पाहिजे. हा नियम घरात फक्त चाचींना कळला. पडद्यामागे वारा लागतो म्हणून त्या दुपारी स्टोअररूममध्ये गोधडी टाकून आडव्या झाल्या त्या झाल्याच. यतीन वही घेऊन गेला. "चाची, ही खोली सार्वजनिक ठरली आहे."

"मग मी काय दुसऱ्याच्या देशातली हाय?" म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

यतीनने नोंद केली: विषय तहकूब.

३० जानेवारी

स्वयंपाकघरात धुसफूस. वीणा कांदासुद्धा वार बघून खाते. चाचींच्या पिशवीत दाभोळची सुकट! आज भाजली. वीणा बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बाहेर विषारी वायूची भीती, पण ती म्हणते तो परवडला.

यतीन तीनदा पाणी प्यायला आत आला. एवढी तहान कसली लागते याला?

२ फेब्रुवारी

सोडवला प्रश्न! पुरुषांना दोन बैठका लागल्या असत्या. मी आणि वीणाने वीस मिनिटांत केलं.

चिकटपट्टी घेतली, ती रुंद, तपकिरी. ओट्याच्या मधोमध सरळ रेघ. तीच पुढे भिंतीवर, मग फ्रिजच्या दारावर. डावीकडे शाकाहारी, उजवीकडे चाची. शेगडीची तीन तोंडं आहेत. दोन आपली, एक त्यांचं, कोपऱ्यातलं लहान. एका माणसाला पुरे. सिंक डाव्या बाजूला गेलं, पण ते आम्ही मोठ्या मनाने सर्वांना खुलं ठेवलं. वीणा म्हणाली, "विभा, तू यूनोत पाहिजे होतीस." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चाची नमाज पढत होत्या. आटोपून आल्या. रेघ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "झ्याक सरळ आलीय गो."

किती समजूतदार बाई!

३ फेब्रुवारी

रेघेच्या काही अडचणी. मिक्सर डावीकडे, त्याचा प्लग उजवीकडे. मीठ आमच्यात, तिखट त्यांच्यात. माझी खिसणी परदेशी गेली. अंडी कोणाची यावर वीणाशी अर्धा तास चर्चा. शेवटी अंड्यांना फ्रिजच्या दारात तटस्थ जागा दिली.

दुपारी आत आले तर यतीन पलीकडे उभा, तोंड भरलेलं. मला बघून गिळायचंही विसरला.

"सीमा पाहणी करत होतो," म्हणाला.

४ फेब्रुवारी

गिरीशने आज स्टोअररूमचा बंदोबस्त तपासला. भोंगा वाजला की आत शिरायचं, दार लावायचं आणि फटी आतून चिकटपट्टीने बंद करायच्या. त्याने सहा गुंडाळ्या आणल्या होत्या. पाच घरभरच्या खिडक्यांना गेल्या. "सहावी दारासाठी राखून ठेवली आहे, काळजी नको," म्हणाला.

सहावी ओट्यावर आहे!

उद्या दुसरी आणेन. बाजारात मिळेलच की.

५ फेब्रुवारी

बाजारात नाही. बत्हा भागातली नऊ दुकानं पालथी घातली. नवव्या दुकानदाराने नुसते हात झटकले. "खलास, मदाम, खलास!" सगळ्या रियाधने दारं-खिडक्या चिकटवल्या. ओटा चिकटवणारे आम्हीच.

वीणा म्हणाली, गिरीशला सांगू नकोस. कालपरवा वाजलेले भोंगे खोटेच निघाले ना? निघाले, खरं आहे.

९ फेब्रुवारी

चाची बांधाबांध करतायत. बुधवारी गफूरभाईंबरोबर हफ्रला परत जायचं म्हणतात! गफूरभाई कपाळाला हात लावून बसलेत. "वहिनी, तुम्हीच सांगा तिला. सगळा रस्ता रणगाड्यांनी भरलाय. म्हणते घर बंद ठेवू नये, वाळवी लागते. वाळवंटात!"

मी समजावलं. गिरीशने समजावलं. यतीन म्हणाला, ठराव करू. चाची हसून म्हणाल्या, "आपली चूल ती आपली चूल, पोरी."

म्हाताऱ्या माणसांचा हट्ट, दुसरं काय! पण हफ्र! तिथून सीमा दीड तासावर. रोज रेडिओवर तेच नाव. मला खरंच भीती वाटते.

१० फेब्रुवारी

निवेदिताची चाचणी घेतली. प्रश्न: बर्लिन परिषदेत कोणाला बोलावलं नव्हतं? त्याचे परिणाम लिहा.

तिने लिहिलं: चाची. परिणाम: शी इज लीव्हिंग.

मी ओरडले. शून्य देईन म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, डॅडींनी घर वाटलं तेव्हा तू तीन दिवस भांडी आपटत होतीस. चाचींना तर आपटायला भांडंपण उजवीकडे एकच आहे."

मार्क दिले नाहीत. कापलेही नाहीत. दिवसभर कुठल्याच कामात लक्ष लागलं नाही.

११ फेब्रुवारी

हात अजून पिठाचा आहे. पण आजच लिहिते.

संध्याकाळी भोंगा. सगळे स्टोअररूममध्ये. गिरीशने दार लावलं, फळीवर हात फिरवला. "टेप कुठाय?"

वीणाने माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याच्या पोत्याकडे पाहिलं.

"ओट्यावर," निवेदिता म्हणाली.

असा चेहरा मी गिरीशचा अठरा वर्षांत पाहिला नव्हता. धावला. ओट्यावरची रेघ ओरबाडून आणली. तिला बेसन, तेल, मोहरी, वीणाचा एक केस, सगळं चिकटलेलं. दार सोडून सगळ्याला चिकटत होती. एक टोक गिरीशच्या मनगटाला, दुसरं यतीनच्या मिशीला. यतीन ओरडला. भोंगा चालूच.

तेवढ्यात चाची उठल्या आणि दार उघडून सरळ बाहेर! "चाचीऽऽ!" आम्ही सगळे एकदम. आल्या त्या परात घेऊन. वीणाने रात्रीच्या पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक, किलोभर. डाव्या बाजूची! दार लावलं, कणकेच्या वळ्या केल्या आणि अंगठ्याने फटीत दाबत सुटल्या. बिर्याणीच्या झाकणाला लावतात तशी, वरून खालपर्यंत. "बघता काय? हात लावा."

सात जणांनी हात लावला. वीणानेही.

यतीन पुटपुटला, "चाची, याने गॅस थांबतो?"

"वाफ थांबते. दाभोळच्या लग्नांत शंभर शंभर माणसांच्या देगीला दम दिलाय मी. एक फुंकर बाहेर गेली नाय कधी."

मग बसलो, घामाघूम. दूर कुठेतरी मोठा आवाज झाला. भिंत हादरली. निवेदिता माझ्या एका हाताला, वीणा दुसऱ्या. चाची गिरीशच्या डोक्यावरून हात फिरवत मला सांगत होत्या. "नाय गो, गिरू भित नाय. आईच्या तापात पण भित नसे."

तिथे कळलं. गिरीश आठ वर्षांचा असताना त्याच्या आईला विषमज्वर झाला. चार महिने हा दोन वेळचा चाचींकडे जेवला. त्यांच्या चुलीपुढे, त्यांच्या ताटात. सुकट-भात! अठरा वर्षांत मला बोलला नाही. मी विचारलं, का? म्हणाला, "आपल्या घरात चालेल का, ते कळेना."

भोंगा थांबला. वायू-बियू काही नव्हता. भूक मात्र होती, आणि पोळ्या सगळ्या दाराला. चाचींनी भात टाकला, मोठ्या शेगडीवर. यतीनने सर्वांसमोर सुकट वाढून घेतली. वीणा बघत राहिली, मग त्याला म्हणाली, "निदान लिंबू तरी पिळ." स्वतः ताक-भात खाल्ला, पण बाल्कनीत नाही, तिथेच बसून.

मला लाज वाटली. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला जेवू घातलं, तिला मी कोपऱ्यातलं लहान तोंड दिलं! तेही तिला न विचारता. आणि वर स्वतःला इतिहासाची बाई म्हणवते.

१२ फेब्रुवारी

सकाळी रॉकेलचा बोळा घेऊन ओटा घासत होते. चाची आल्या, शेजारी उभ्या राहिल्या. माफी मागायचं वाक्य रात्रभर जुळवलं होतं, ते ऐनवेळी आठवलंच नाही. नुसतं विचारलं, "चाची, तुम्हाला कुठे राहायचंय?"

म्हणाल्या, "दाभोळ सोडल्यापासून हे कोणी इचारलंच नाय बघ. गफूर सांगतो हफ्रला चल. मग सांगतो रियाधला चल. मग ह्ये पडदा लावतात, तुमी पट्टी लावता."

"मग?"

"इथं राहाते. पण मोठी शेगडी माझी."

"तुमची."

"आणि सुकट भाजताना ती पोरगी बाहेर उभी नाय राहायची. थंडी बाधते."

गफूरभाई गाडीतलं सामान चार जिने वर आणताना धापा टाकत होते. उद्याचं जाणं रद्द. यतीनने वही आणली, ठराव लिहू का म्हणाला. चाचींनी ती त्याच्या हातातून घेतली आणि तिने गरम तवा धरून उतरवला, हात भाजू नये म्हणून.

१४ फेब्रुवारी

गफूरभाईंना फोन आला. दुपारी हफ्रवर पडलं. त्यांच्याच गल्लीत. दुकान शाबूत. वरची खोली, जिथे चाची दुपारच्या झोपायच्या, ती नाही.

चाचींनी परात पुढे ओढली. "किती जणांची भिजवू?"

"सात," वीणा म्हणाली.

मी मोजून पाहिलं. सातच.