कोतवालाच्या दातांबाबत व इतर मिळकतीबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणार हावगेप्पा वल्द शरणप्पा, उमर साठीच्या पुढे, धंदा तेलघाणा, राहणार मौजे राजेश्वर, जिल्हा बीदर.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. मी एका कुत्र्यापायी एवढा जीव टाकतो म्हणून धाकटा भाऊ काशप्पा गावभर उलटे सांगत फिरतो, पण त्याची स्वतःची अक्कल ठिकाणावर असल्याचे आजवर कोणी पाहिलेले नाही. मला दमा जडला आहे. छातीचा भाता कधी थांबेल याचा नेम नाही, म्हणून कोणाच्या दडपणाखाली न येता, राघोबा कुलकर्णी यांच्या हातून, हे लिहवून ठेवतो.

कलम पहिले. घर, परसू व घाणा ही माझी स्वकष्टाची कमाई आहे. वडिलार्जित त्यात विटेचा तुकडाही नाही, कारण वाटणीच्या वेळी वडिलार्जित सारे दोघा भावांनी इतके जपून ठेवले की मला दिसलेसुद्धा नाही. सबब हे सर्व माझी पत्नी गौरम्मा हिला द्यावे, पोटगीदाखल नव्हे, मालकीने. भावांचे म्हणणे, "वैनीला एकटीला घर कशाला? आमच्याकडं ऱ्हातील की." त्यांच्याकडे गोठ्यालगतची एक खोली मोकळी आहे, हे खरे. सध्या तिथे म्हैस बांधतात. म्हशीची गैरसोय करणे मला पटत नाही.

कलम दुसरे. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापडे काशप्पास द्यावीत. त्यास त्यांची गरज नाही, पण नवी जोडी असलेली बरी. पितळी दिवा मल्लप्पास द्यावा. हा माझा मधला भाऊ जनावरांचे दात पाहण्यात पंचक्रोशीत नावाजलेला आहे, आणि तोंडात पाहताना उजेड लागतो.

कलम तिसरे. कोतवाल नावाचा कुत्रा. याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही, म्हणून राघोबांनी हसू आवरून लिहावे.

याआधी आमच्याकडे याच नावाचा थोरला कुत्रा होता. तो पिलू असताना त्याला खच्ची करावे की नाही, आणि करावे तर कधी, यासाठी माझ्या ओसरीवर भावांची सभा भरली. मल्लप्पाने बैलाचा हिशेब लावला. गोऱ्हा दोन दात लागल्यावर बडवतात, तेव्हा कुत्र्यालाही तेच. पिलाचे तोंड उघडून म्हणाला, "अण्णा, ह्यो आदत हाय, दुधाचेच दात हायेत. दात लागू द्या." आम्ही थांबलो. काही महिन्यांनी पुन्हा तोंड उघडले, तर सगळे दात आलेले. मल्लप्पाने कपाळाला हात लावला. "जुळला की ह्यो! म्हातारा झाला. आता बडवून काय फायदा?" वर्षाचा न झालेला कुत्रा आमच्या घरात एका दिवसात म्हातारा झाला.

काशप्पाचे मत धर्माचे होते. "मुक्या जिवाचा वंश कामून बुडवायलाव अण्णा?" वंशाची काळजी त्याला जुनी आहे. आम्हांला मूल नाही म्हणून याच ओसरीवर, गौरम्मा आत भाकरी थापत असताना, तिला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला होता, "दुसरी करून घ्या." मी केली नाही. ते त्याने मला अजून माफ केलेले नाही, आणि मी त्याला.

मग भाद्रपद आला. कुत्रा माद्यांमागे गेला तो परतला फाटक्या कानाने आणि उघड्या बरगडीने. गौरम्माने हळद भरली, रात्री उशाला बसली. तो तिच्या उंबऱ्यावर मेला. मल्लप्पा येऊन म्हणाला, "म्हातारा झाल्ता." मला फार वाईट वाटले, आणि आजही वाटते.

आताचा कोतवाल त्याचाच नातू-पणतू असावा, कानाची ठेवण तशीच आहे. काशप्पाच्या वंशाच्या आग्रहाला एवढे एक फळ आले. मागच्या दिवाळीनंतरचा जन्म. मल्लप्पाने त्याचेही तोंड उघडून पाहिले आहे आणि निकाल तोच दिला आहे. मी मात्र हुमनाबादच्या बाजाराला येणाऱ्या सरकारी सलोत्र्याला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टराला, विचारून आलो. तो म्हणाला, "छे महिने हो गए तो कभी बी लाओ. दांतां नक्को देखो बावा, कुत्ता है, बैल नईं." हे मल्लप्पाला सांगितले, तर म्हणाला, शहरातल्या माणसाला दातांतलं काय कळतंय.

कलम चौथे. माझ्यामागे गौरम्मा या घरात एकटी राहणार. दाराशी कुत्रा असला तर भाऊ विचार करून पायरी चढतील. तेव्हा तो थोरल्यासारखा भाद्रपदात जिवाला मुकू नये म्हणून कोतवालास खच्ची करण्याची वेळ दोघा भावांनी एकमताने

येथे गौरम्मा दारात येऊन बोलली. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहावे, असे मी राघोबांना सांगितले आहे.

"तुमी मेल्यावर कामून? भाद्रपद तोंडावर आलाय. त्याला खायला मी घालायलेय, रोज. मला कुणी इचारलं? तुमी हाव तवरच करा. त्याचं डोस्कं तुमच्या मांडीवर असलं की त्यो गप ऱ्हातोय. मागनं मी एकटी कुणाला बोलवू? म्हशीला?"

सबब कलम चौथे खोडले. उद्या पहाटे हुमनाबादला गाडी जुंपावी.

कलम पाचवे. मला आमच्या रिवाजाप्रमाणे बसवून माती द्यावी. जेवणावळ साधी असावी. काशप्पाने रडू नये, त्याने त्याला खोकला होतो.

साक्षीदार: गुरप्पा वल्द बसप्पा, दुकानदार. ग्यानबा वल्द उद्धवराव, शेतकरी.
लिहिणार: राघोबा कुलकर्णी.
सही: हावगेप्पा.
मुक्काम राजेश्वर, श्रावण वद्य तृतीया, शके १८६०, सन १३४७ फसली.

पुरवणी, पोळ्याच्या दिवशी. काम झाले. डोके माझ्या मांडीवर होते. तो मलाच चावला, सलोत्र्याला नाही, यावरून घरचा कोण हे त्याला कळते. त्याची जखम सुकली आहे.

आता वेळ ठरवायची राहिली ती माझीच. त्याबाबत दोघा भावांचे एकमत फार आधीपासून आहे, तेव्हा सभा नको. मल्लप्पाने माझे तोंड उघडून पाहू नये, एवढीच विनंती.

गौरम्मा आत पुरण वाटते आहे. कोतवाल तिच्या उंबऱ्यावर आडवा पडला आहे, आणि सकाळी काशप्पा सणाचे निमित्त काढून आला तो पायरीवरूनच परत गेला. भाद्रपद खुशाल येऊ दे.

सही: हावगेप्पा.