बोटं वेगळी दिसायला हवीत

३ ऑक्टो., शुक्र.
कँटीनमध्ये दिवाळीच्या गिफ्टचं सॅम्पल मांडलंय. यंदा टॅब. काचेच्या पेटीत, वर कुलूप. मागच्या वर्षीच्या इंडक्शन शेगडीला कुणी कुलूप लावलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका पेटीभोवती. आत नदीचा व्हिडिओ चालू. पाणी इतकं नितळ की वैशाली, आमची लाइन लीडर, म्हणाली, "ताई, यात धुणं धुवावंसं वाटतंय." मी पाणी नाही बघितलं. मधेच एक बगळा उडत गेला, त्याचे पंख बघत होते. फाटले नाहीत. शेवटपर्यंत पंख पंखासारखे.
दिवसभर वायरींना टेप गुंडाळून बोटं आखडलीत. बस तळवड्याला अडकली. रोजचंच.

५ ऑक्टो., रवि.
घरी आले, चहा ठेवला, तोच नागपूरहून पल्लवीचा व्हिडिओ कॉल. हॉटेलच्या बेकरीत संध्याकाळच्या कामाआधी तिला सुट्टी असते तेवढ्यात करते. फोनला तडा, त्यात तिचे हात जरा जोरात हलले की पाची बोटांची पेज होते. मी तिला लहानपणापासून बघतेय, कोपरावरून नि भुवयांवरून ओळखते. हे शेजारी बसून, "काय म्हणायलीय?" मी सांगते. मग हे बोलतात, मी हातांनी करते. मग ती. मग परत मी. चहा उकळून गेला.
जन्मापासून तिला ऐकू येत नाही आणि तेव्हापासून बाप-लेकीच्या मधे मी. तिच्या बोलण्यातले काटे काढायचे नि यांना वाढायचं, यांचे काढायचे नि तिला.
कॉल संपल्यावर हे म्हणाले, "स्क्रीनच भंगार. बोटंच दिसंनात तर माणसानं समजायचं कसं? टॅब येऊ दे, मग बघ."
बघते.

९ ऑक्टो., गुरु.
सुट्टी. हे दळणाला गेलेले. नेमका तेव्हाच प.चा कॉल. वेळ हेरूनच केला असणार. आधी इकडचं तिकडचं. मग दोन बोटं गालावर टेकवून फिरवली, खळीच्या जागी. ही खूण नवी, कुणाच्या तरी नावाची. कोण म्हटलं. निखिल. तिच्याच बेकरीत आहे, अमरावतीचा. त्यालाही ऐकू येत नाही. लग्न करायचंय म्हणाली.
मी पिठाच्या डब्यावरच बसले.
पोरगा कसा, घरचे कसे, सगळं विचारलं. लाजत होती बहुतेक, फोनवर नीट दिसलं नाही. मी म्हटलं, बाबांना सांगते मी. तर नाही. जोरात नाही. मी सांगणार, तू मधे बोलायचं नाही. बरं, मग लिहून पाठव. त्यावर तोंड वाकडं. लिहिलं की बाबा चुका सुधारून परत पाठवतात. खरंय ते. मागे 'मी ताप आला' लिहिलं तर यांनी 'मला ताप आला' असं करून पाठवलं. औषध घेतलं का, ते मला विचारलं.
दिवाळीत घरी ये म्हटलं. हॉटेल भरलेलं, रजा नाही. निखिलचे वडील तुळशीची लग्नं उरकली की यांना फोन करणार आहेत. त्याआधी बाबांना माझ्या हातांनी कळायला हवं, म्हणाली.
बाहेरच्याकडून कळलं तर हे जन्मभर धरून बसतील, हे तिलाही माहीत आहे.
तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. फोन ठेवला. डोकं दुखतंय.

११ ऑक्टो., शनि.
मुहूर्तच बघा. आज यांनी स्वतःहून स्थळ काढलं. उदगीरचा कुणी, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. ऐकणारा. "घरात एक तरी ऐकणारा पाहिजे," म्हणे. "लेकरू रडलं तर कळायचं कसं? कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?"
मी म्हटलं, "तुम्हाला येतं की ऐकू. कधी मोजल्या?"
हसले. मी नाही हसले. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. शब्द दिलाय.

१४ ऑक्टो., मंगळ.
टॅबवाल्यांचा माणूस कँटीनमध्ये माहिती द्यायला आला होता. टाय घातलेला. हजार रंग, लाख रंग, काय काय सांगत होता. मी विचारलं, "समोरच्यानं हात भरभर हलवले तर बोटं वेगवेगळी दिसतात का?" त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. वैशालीनं त्याला पल्लवीचं सांगितलं. मग बिचाऱ्यानं पेटी उघडली, टॅबचा कॅमेरा चालू करून स्वतःच हात हलवून दाखवले. भर कँटीनमध्ये, टायसकट. बोटं दिसली. सगळी.
बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं म्हणून ताट धुवायला गेले.

१८ ऑक्टो., शनि.
धनत्रयोदशी. टॅब नाही. माल रस्त्यात अडकलाय म्हणे. हातात सोनपापडीचा डबा दिला. बसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर तोच डबा आणि तेच तोंड. कुणी म्हणालं, येणार तो सॅम्पलपेक्षा हलका येणार. तीच स्क्रीन नसणार. मी खिडकीकडे तोंड केलं.
घरी हे, "आला का?"
"आला. गोड आहे," म्हटलं नि डबा दिला.

२१ ऑक्टो., मंगळ.
लक्ष्मीपूजन. प.ला बोलायला वेळ नाही, नुसता फोटो पाठवला, केकचा. यांनी मोठा करून करून बघितला. बोलले काही नाही. शेजारच्यांकडे करंज्या दिल्या, त्यांनीही करंज्याच दिल्या.
पाय सुजलेत.

२४ ऑक्टो., शुक्र.
हे कंपनीतून पत्र्याचा स्टँड करून घेऊन आले, टॅब ठेवायला. कडा घासलेल्या, वरून काळा रंग. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनशेजारी, सुट्टीच्या वेळेत बसून केला म्हणे. टेबल खिडकीसमोर ओढलं. नवीन बल्ब लावला, तोंडावर उजेड हवा म्हणून. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागे गिचमिड नको म्हणून.
सगळी तयारी झाली. हातांची सोडून. हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायचा कंटाळा आला.

२७ ऑक्टो., सोम.
आला एकदाचा. बस सुटताना गेटवर वाटले. बसमध्येच फोडला. वैशालीला म्हटलं, कॅमेऱ्यासमोर हात हलव. तिनं आरती ओवाळल्यासारखे हलवले. आडव्या-उभ्या कशाही, बोटं वेगळी. तोच आहे. सॅम्पलचाच.
तळवड्याच्या जाममध्ये आज पहिल्यांदा चिडचिड झाली नाही.

२८ ऑक्टो., मंगळ.
कसं लिहू.
कामावरून आल्यावर कॉल. टॅब स्टँडवर, हे समोर, अंगात धुतलेला शर्ट. मी बाजूला. स्क्रीनवर प. आली. केवढी स्वच्छ. नाकातली चमकी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मनगटावर ओव्हनचा चट्टा. तीही म्हणाली, आई, तुझे केस किती पांढरे झालेत. हे खूश. "आता कसं! चट्टासुद्धा दिसायलाय बघ."
मग ती यांच्याशी बोलायला लागली. निखिलचं नाही अजून. साधंच, कामाचं, दिवाळीत रात्रंदिवस उभी होते ते. एकेक बोट लखलखीत.
आणि यांनी मान माझ्याकडे वळवली. "काय म्हणायलीय?"
मी पंख्याकडे बघितलं.
"अगं, काय म्हणायलीय ती?"
"दिसतंय की."
"दिसायलंय, पण..." आणि मग म्हणतात, "नेट स्लो चालायलंय."
तिनं ओठांवरून ओळखलं. तिचा चेहरा पडला तो मला सगळा दिसला, आधी भुवया, मग ओठ. जुन्या फोनवर दिसला नसता. तेवढ्यापुरता जुनाच बरा होता.
कामाला बोलावलंय म्हणून तिनं बंद केला. सुट्टी संपायला वेळ होता.

२९ ऑक्टो., बुध.
भांडण. मीच काढलं. नेटला काही झालेलं नाही, स्क्रीनला काही झालेलं नाही, म्हटलं. तिच्या शाळेत आयांना खुणांची भाषा शिकवायचे तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी जात होते, तिला काखेत मारून.
"आणि तवा ओव्हरटाइम कुणी केला? ती कानाची मशीन कशी आली?"
हेही खरं. ती मशीन तिला कधी उपयोगी पडली नाही, पण ओव्हरटाइम खरा होता. माणूस आठवडाभर लेकीला जागेपणी बघायचा नाही. आता म्हणतात, "पन्नाशी आली. आता कुठं शिकत बसू? तू हाईस की."
तू हाईस की. याचाच मला थकवा आलाय. कामाचा नाही, बसचा नाही. याचा.
मी म्हटलं, "मी यापुढे मधे बोलणार नाही." जेवले नाही. मग जेवले. भांडल्यावर मला भूक जास्त लागते.

१ नोव्हें., शनि.
आज एक नवल झालं.
प.चा कॉल आला तेव्हा मी गॅलरीत कपडे काढत होते. मुद्दाम सावकाश. आत डोकावले तर ती भरभर काहीतरी सांगतेय आणि हे कावरेबावरे. मग यांचा हात आपोआप वर गेला, पंजा उघडा. ती थांबली. मग यांनी तळवा खाली करून हवा हळूहळू दाबली. ती सावकाश बोलायला लागली. यांनी परत दाबली, ती आणखी सावकाश. मग तर्जनी गोल फिरवली. ती हसत सुटली आणि तेच वाक्य पुन्हा केलं.
या खुणा माझ्या नाहीत. तिच्या शाळेच्याही नाहीत.
नंतर विचारलं, हे कुठून आणलं? तर म्हणतात, "क्रेनवाल्याला करतो तसं केलं." प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे मशीनचा जड साचा, बदलायची असते, क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये, आवाज असा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. खाली उभं राहून हे हातांनीच सांगतात. वर घे, थांब, हळू, परत एकदा. वर्षानुवर्षं. चहा आला, साहेब आला, आज डब्यात काय, सगळं हातांनी. आणि घरी सांगायचं कधी सुचलं नाही!
"ते काय बोलणं हाय व्हय?" म्हणतात.
मला हसावं की डोकं आपटावं कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

२ नोव्हें., रवि.
सोसायटीत तुळशीचं लग्न. अक्षता, ऊस, पोरांचा गोंधळ. आता अमरावतीहून फोन केव्हाही. प.नं कळवलंय, निखिलचे वडील येत्या रविवारी करणार. ती गुरुवारी सांगणार. दुपारी, आम्हा दोघांना सुट्टी असते तेव्हा. मला परत बजावलं, मधे यायचं नाही.

४ नोव्हें., मंगळ.
सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळी हे घरी. मी लवकर उठून डबा करत होते. बाहेरच्या खोलीत हे बंद टॅबसमोर बसून हात हलवत होते. काळ्या काचेत स्वतःला बघत. मला बघितल्यावर माशी हाकलल्यासारखं केलं.
मी काही बघितलं नाही.

६ नोव्हें., गुरु.
साडेतीनला कॉल. मी मेथीची जुडी घेतली नि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या घरात आई दाराला कान लावते. माझ्या घरात त्याचा काय उपयोग. आवाजच नाही. बाहेर लेक बापाला आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगतेय आणि मला ऐकू येतेय ती खालची भाजीवाल्याची गाडी. स्टूल एकदा सरकलं. यांनी एकदा घसा खाकरला, कुणासाठी कोण जाणे. मेथी निवडून झाली. निवडलेली परत निवडली.
मग हे दारात. चेहऱ्यावरून काही कळेना. राग म्हणावा तर तसा नाही.
"लग्नाचं म्हणायलीय," म्हणाले. "पोरगा हाय कुणीतरी. संगं कामाला. गालावर असं करायलीय, ते त्याचं नाव हाय का?"
मी देठं गोळा करत राहिले.
"सावकाश सांगितलं तिनं. समजलं मला." मग आवाज खाली आणून, जसं काही तिला ऐकू जाईल, "त्याला... त्या पोराला ऐकू येतं का गं?"
उत्तर जिभेवर होतं. मानसुद्धा हलणार होती. इतक्या वर्षांची सवय. एका शब्दाचं काम, आणि तो शब्द मी कसा मऊ करून सांगायचा तेही ठरवून ठेवलेलं.
"मला काय विचारता," म्हटलं. "ती समोर बसलीय. तिला विचारा."
"कसं विचारू?"
"येईल तसं."
दाराची चौकट धरून उभे. वाटलं, चपला घालून बाहेर जातील. उदगीरच्या स्थळाचं काढतील. मला ओरडतील, मग मी ओरडेन, मग ती तिकडे एकटी आमचे हलणारे ओठ बघत बसेल. पाय वळले ते टॅबकडे वळले. स्टूल ओढून बसले.
बघणार नव्हते, बघितलं. हे पाठमोरे. पलीकडे स्क्रीनवर ती, बेकरीची टोपी, श्वास धरून बसलेली, यांच्या खांद्यावरून अर्धीच दिसत होती. यांनी आधी गालावर दोन बोटं टेकवली. फिरवायची विसरले. मग हात तिथून कानाकडे नेला आणि तिथंच धरून ठेवला.
मी आत आले, नळ सोडला.