लोखंडी केबिनमधली तार

८ जानेवारी
आज पुन्हा नेट गेलं! सुपेल्याच्या रक्त-तपासणी लॅबमध्ये सूनबाई गीतांजलीच्या काउंटरपुढे ही रांग — "मॅडम, रिपोर्ट?" रिपोर्ट आतल्या केबिनमध्ये, मशीनच्या कॉम्प्युटरवर तयार; पण बाहेरच्या कॉम्प्युटरवर येईल तर शपथ! शेवटी मुली पेन-ड्राइव्ह घेऊन धावल्या. त्या धावपळीत एका म्हाताऱ्याचा शुगरचा रिपोर्ट भलत्याच बाईच्या हाती गेला. गीतांजली कोणाला रागावली नाही. घरी आली, अर्धी पोळी टाकून उठली.

९ जानेवारी
धनंजय म्हणाला, "बाबा, लॅब बंदच करू आता. मले रोज रायपूरच्या ऑफिसला जाणं-येणं होऊन नाही राहिलं. तिथंच फ्लॅट घेऊ."
दोन खोल्यांचा फ्लॅट. मी कुठे, ते कोणी बोललं नाही.
आणि रेणू? दिवेलागणीला माझ्या मांडीला टेकून नदीची कविता कोण म्हणेल? नातीचं मराठी तेवढंच — कवितांपुरतं. बाकी सारी हिंदी. माझ्या शाळेतल्या गुरुजींची चाल तिने माझ्याकडून हुबेहूब उचलली आहे. शेवटच्या कडव्याला मानसुद्धा तशीच हलवते!

१३ जानेवारी
मोठ्या कंपनीने नेटवर्कचं कोटेशन दिलं. जणू पोलाद कारखान्यात नवी भट्टीच उभारायची आहे! धनंजयने कागद उलटा करून ठेवला.

१५ जानेवारी
कॅम्प-१ वस्तीतली टीना आली. नेटवर्कची कामं करते. केबिनवर टकटक केली अन् हसतच सुटली. "बाबूजी, ये केबिन है कि तिजोरी? वाय-फाय घुसेगा किधर से?"
केबिन माझीच हौस. रामाजी वेल्डरकडून जाड पत्र्याची करून घेतली. सारा जन्म कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये, लोखंडी पत्रे लाटण्यात गेला — भिलाईत राहून प्लायवूड लावायचं? लोक काय म्हणतील!
धनंजय उखडला, "तवा कावून नाही ऐकलं? मी बोंबलून राहिलो होतो!"
टीना म्हणते, मोठं काही नको. मशीनपासून काउंटरपर्यंत साधी तार, मधे तारा जोडायचा एक छोटा डबा, लाइट जाते म्हणून बॅटरी. "बस, तिजोरी में एक छेद!"

१६ जानेवारी
भोक मीच पाडलं. ड्रिलला कोणाला हात लावू दिला नाही. तापल्या लोखंडाचा तो वास! — पहिली शिफ्ट, भोंगा, सायकलींची ती नदी... ड्रिल घसरली. टीना ओरडली, "बाबूजी, कविता बाद में!"
भोकाच्या कडेला रबर बसवलं. तार कापली जायला नको.

२४ जानेवारी
नेट गेलं नाही. लाइट गेली, तरी नाही!

२ फेब्रुवारी
गीतांजलीला ताप. तरी पलंगावर बसल्याबसल्या लॅपटॉपवर लॅबचे सारे रिपोर्ट तपासून पाठवले. कुठे काही अडलं नाही. मी इतका खूश, की रेणूकडून नदीची कविता दोनदा म्हणवून घेतली. टळलं रायपूर!

५ फेब्रुवारी
रायपूरचा फ्लॅट ठरला. गीतांजली पाया पडली. "बाबा, लॅब बंद नाही करावी लागत. रिपोर्ट आता तिथूनच पाहीन. तुमच्यामुळे झालं." लॅबची चावी माझ्याकडे राहील.
रेणू म्हणाली, "आबा, मैं रायपूर से रोज कॉम्प्युटर पे कविता म्हणीन. अब नेट टूटता नहीं ना!"